शेजार

पंपाची बुशिंगं काढत होतो तेव्हा
डॉक्टर गुप्तेबाई गाळ्यात आल्या, कुर्ल्याला, पाइप रोडवर.
केसपेपरच्या पाठीवर पेन्सिलीनं सुई, सुईतून नळी,
घोड्याच्या केसाएवढी.
"नसेच्या शेजारी बसली पाहिजे," म्हणाल्या,
"नसेत शिरली तर घात."

मी नववी नापास. मला सूत कळतं,
हे तर सुताच्या शंभराव्या वाट्याचं काम.
सतरा टोकं बिघडवली.
बाई मटणाच्या तंगडीत टोचून बघायच्या, मान हलवायच्या.
अठरावं नीट गेलं, पण नळी सरकायची,
माणूस कुशीवर वळला की बाहेर.
मग पोरीच्या केसांतली टिकटिक पिन घेतली,
आवाज करून बसते ना, ती.
पोर दोन दिवस बोलली नाही.

परळला, बावीस नंबरच्या खाटेवर
द्वारकाबाई घोगळे. गुडघ्याखाली पाय नाही,
आणि रात्रभर ओरड: अंगठा जळतोय, अंगठा.
कुणी सांगितलं, अहो, नाही तो अंगठा.
"मग दुखतं ते कुणाचं?"

नसलेल्याचीही नस असते,
हे मला तिथे कळलं.

नळी बसली. पिन वाजली.
थेंब निघाले, दिसणार नाहीत इतके हळू.

दुसऱ्या दिवशी पिन बघायला म्हणून गेलो.
द्वारकाबाई चादरीच्या सपाट भागाकडे बघत होत्या,
जिथे पाऊल आलं असतं तिथे.
विचारलं, कसं आहे?
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
"हळू. आत्ता कुठे झोपलाय तो."