उभी रेघ

दहा दिवस झाले,
प्रत्येक कागदावर डावीकडून चार बोटांवर
एक उभी रेघ येते आहे.
केसाएवढी बारीक, काळपट,
वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत
कुठेही न थांबता.

आधी धाकू कोयंड्याने दाखवली.
डिझेल परताव्याचा अर्ज परत आला होता,
शेरा : दस्तऐवज सुस्पष्ट नाही.
रेघ नौकेच्या नावामधून गेलेली.
"वैनीनू, होडी माजी चिरल्यासारकी दिसता,"
म्हणाला आणि हसला,
पण खुर्चीवर टेकला नाही.

आमच्या तारामुंबरीच्या ह्या वाडीत यंत्र एवढंच.
छापतं, झेरॉक्स काढतं, स्कॅन करतं,
आणि शेवटच्या तारखेला नेमकं रुसतं.
नवरा जहाजावरून कायमचा उतरला त्या वर्षी घेतलं.
त्याचं खोकं अजून माळ्यावर आहे,
आत सोलं भरली आहेत.

पहिला संशय शाईवर.
म्हणून कॉम्प्युटरमधलं एक पत्र छापून पाहिलं : रेघ नाही.
म्हणजे लिहिणारा हात निर्दोष.
खोट बघणाऱ्या डोळ्यात.

कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली,
मॅडम, बंद करून चालू करा.
केलं.
वायर काढा, साठ आकडे मोजा.
मोठ्याने मोजले.
बेचाळिसाला वाडीची लाईट गेली
ती आली रात्री साडेआठला.
तोवर तिला कुठे धरून ठेवणार.

झाकण उघडलं, काच पुसली,
चष्म्याच्या फडक्याने, मग ओल्या, मग पुन्हा कोरड्या.
खारा वारा इथे खिडकीचे गज, कुलपं,
सायकलची साखळी, काहीच सोडत नाही,
म्हणून दिवा सरकतो तो दांडाही वाकून पाहिला.
गंज नाही.
दिवा ह्या टोकापासून त्या टोकाला गेला
ओहोटीत कालवं शोधणाऱ्या बाईसारखा, सावकाश,
आणि रिकाम्या हाताने परतला.
काचेवर पालथा घातलेला कागद
स्वच्छ आला.

मी खुशीत दहा कागद वरच्या तोंडात रचले.
त्याने एकेक गिळला.
दहाच्या दहांवर रेघ.

भात पानात तसाच राहिला.
काचेवर ठेवला तर नाही,
वरून ओढला तर आहे.
काचेवर कागद गप्प पडून असतो, दिवा चालतो.
वरून घातला की कागद चालतो
आणि दिवा एका जागी उभा राहून बघतो,
मोठ्या काचेच्या डाव्या अंगाला
बोटभर रुंदीची एक पट्टी आहे, तिच्याखालून.
ती पट्टी मी चार वर्षांत कधी पुसली नव्हती.
शोभेची समजत होते.

मोबाइलची बॅटरी तिरकी धरली.

खवला.
तिळाहून लहान, वाळून काचेला डसलेला,
कडेला थोडा जांभळा, थोडा हिरवा.
तो जागचा हललाच नव्हता.
कागद त्याच्यावरून जात होते,
रेशनचे, दाखल्यांचे, कर्जाच्या हप्त्यांचे,
आणि ज्याचा त्याचा कागद
आपली रेघ आपणच ओढून घेत होता.

कोणाबरोबर आला, कसं सांगणार.
जाळं झाडून, हात कमरेला पुसून सगळेच येतात.
मीही बाजारातून आल्यावर हात धुते ते नावालाच.

नखाने अलगद काढला, काडेपेटीच्या झाकणात ठेवला.
धाकूला बोलावून अर्ज पुन्हा स्कॅन केला.
नौकेचं नाव अखंड.
त्याने कागद उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला,
मग काडेपेटीकडे वाकला.
"हो बघ तुझा चोर," मी म्हटलं, "पेडव्याचा दिसतो."

त्याने तो बोटाच्या टोकावर घेतला,
सोनार तोलतो तसा.
"पेडव्याचो खवलो मोठो असता वैनीनू. ह्यो बांगड्याचो."
आणि मग, खुर्चीवर बसत :
"म्हंजे माजो न्हय.
औंदा माका बांगडो गावलोच नाय."