मुख्य डिस्प्ले

बाबनी मळीक यांचा फोन आला तेव्हा
मी साखळीच्या बाजारात एका प्रिंटरच्या पोटात होते.
"बाय, सकयली पट्टी गेली."
कुठली पट्टी?
"ती गो, घड्याळ आसता ती."

पाळीच्या वरच्या अंगाला, खाणीचा रस्ता जिथे
वापरावाचून हिरवा होत चाललाय,
तिथे वजनकाटा, काट्याला लागून केबिन,
केबिनला दोन खिडक्या.
एक वाऱ्यासाठी. एक ड्रायव्हरांसाठी.
टेबल इतकं पुसलेलं की लाल धूळ
फक्त कीबोर्डच्या फटींत उरलेली.

आठ दिवस पट्टी नाही.
म्हणून स्टार्ट नाही, म्हणून बंद करायची सोय नाही,
म्हणून मळीक रोज पाच वाजता
देवाला हात जोडून भिंतीवरचं बटण खाली करत.
पाच वाजले हे कळायचं वाळपईच्या बसवरून.
बस चुकली त्या दिवशी
कॉम्प्युटर पावणेसहापर्यंत जागा राहिला,
हे त्यांनी गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं.

मी नेहमीचे उपाय केले.
कर्सर तळाला नेऊन धरला, दडून बसली असेल म्हणून.
आपोआप लपण्याची खूण काढायला गेले. खूण नव्हतीच.
एक्सप्लोररला मारलं, परत उठवलं.
पडदा क्षणभर काळा, मग तोच
काजूच्या बागेचा फोटो,
आणि जिथे पट्टी असायची तिथे
नुसतं आणखी थोडं गवत.

मग डिस्प्ले सेटिंग्ज. दोन चौकटी, शेजारी शेजारी:
एक, दोन.
आम्ही बघत होतो ती दोन.

एक कुठे?
मळीकांनी हनुवटीने ड्रायव्हरांची खिडकी दाखवली.
गजाला बांधलेला रिकामा लोखंडी हात,
खाली लोंबणारी केबल, तिच्या टोकाला पांढरी डबी,
डबीत जळणारा हिरवा ठिपका.
"मडगांवच्यांनी व्हेलो तो मॉनिटर. बरो आशिल्लो.
म्हजो दवरलो."
ठेवला खरा, पण त्याची वायर
दुसऱ्याच भोकात खुपसून.

म्हणजे आठ दिवस ती डबी
सांगत होती: आहे, आहे, समोर आहे.
आणि यंत्राने विश्वास ठेवून सगळं तिकडे मांडलं,
घड्याळ, स्टार्ट, आवाजाचा भोंगा,
खिडकीबाहेर, हवेत,
ट्रकवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

मी डबी उपटली.
पडदा दोनदा मिटला
आणि पट्टी आली, काही झालंच नव्हतं अशी.
अकरा बावन्न.
मळीकांनी सवयीने मनगट बघितलं. मनगटावर काही नव्हतं.

पट्टीमागोमाग आणखी एक खिडकी आली,
रोज सकाळी तिकडेच उघडणारी,
इकडे जागा मिळेल तशी शिरलेली, अर्धी कडेबाहेर.
निळ्यावर पिवळी अक्षरं, लांबून वाचता यावीत एवढी:
थांबा. गाडी हलवू नका.
खाली वजन. शून्य.

मी फुलीवर कर्सर नेला.
"रावूं दी," मळीक म्हणाले.

तीनशे झाले. त्यांनी पाकिटातून मोजून दिले,
मग दारापर्यंत येऊन म्हणाले,
"स्कूटर मातशी काट्यार हाड."

साठ टनांचा काटा. त्याच्या मधोमध
मी, स्कूटर, पाठीवर पान्यांची पिशवी.
लोखंड किंचित दबलं, की मला तसं वाटलं.
समोर रिकामा लोखंडी हात.
मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले,
तिथे काही दिसायचं असतं अशी.
मग तिथे मळीकांचं डोकं आलं,
गजांना टेकलेलं, चश्मा कपाळावर,
आणि त्यांनी सगळ्या खाणीला ऐकू जाईल असं वाचलं:
"एकशें सत्तर! हालूं नाका, प्रिंट काडटां!"

प्रिंटरची रिबन कधीची वाळलेली.
पावतीवर शाई नाही, नुसते टोचे आहेत.
उजेडाकडे धरली तर वाचता येते.