हरकत

चार खोकी. दोन हजार एकशे बारा पानं.
ट्रॉली ढकलत आणणारा पोरगा म्हणाला, "सही इथं."
ती पोचपावतीची.
दुसरी सही, जिची सगळे वाट बघतायत,
तिला नव्वद दिवस आहेत.

कचरा केंद्राचा, जमीन केंद्राची,
कंत्राटदारही केंद्रानंच नेमलेला.
खालून वाहतं ते पाणी तेवढं राज्याचं,
आणि त्या पाण्यापुरती मी,
तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून,
हातात दोन नंबरची पेन्सिल.
कुठं पाणी मुरतंय हे शोधणं
माझ्या नेमणूकपत्रात शब्दशः लिहिलेलं आहे.

परिच्छेद सहा-तीन : अकराव्या टाकीची गळती नगण्य.
मी समासात लिहिते :
नगण्य म्हणजे गणण्याइतकी नव्हती,
की गणलीच नाही?
परिच्छेद सात : टाकीत सिमेंट ओतून तोंड बंद करावे.
झाकली मूठ.
(हे मी लिहीत नाही. शेऱ्यांना विनोद चालत नाही.)
लिहिते : तळाशी उरलेल्या गाळाचा नमुना
कोणत्या तारखेला, कुणी, कोणत्या बाजूनं घेतला?

परिशिष्ट ड, पुरलेल्या वस्तूंची यादी.
एकसष्ट सालचा खंदक : कपडे, पादत्राणे, संकीर्ण.
तेरा घनमीटर.
वडील तिथल्या लॉन्ड्रीत होते.
त्या वर्षी एका शुक्रवारी घरी आले
ते पायात कागदी सपाता घालून.
"बूट ठेवून घेतले," म्हणाले.
आईनं विचारलं, का?
"हरकत नाही गं. नवे देणार आहेत."
नवे आले, एक माप मोठे.
पुढे कापूस कोंबून वडिलांनी ते सहा वर्षं वापरले.
परिशिष्ट ड वर माझा एकही शेरा नाही.
शेऱ्याला पुरावा लागतो.

जनसुनावणी शाळेच्या जेवणघरात.
नऊ माणसं, त्यातलं एक कॉफीसाठी आलेलं.
कंत्राटदाराचे व्हर्न हॅगार्टी पडद्यावर
हजार वर्षं टिकणारं सिमेंट दाखवत होते.
मागून विल्मा सॅम्पसन उठली, यकामांची,
तिची माणसं ह्या नदीवर
नदीला कोलंबिया म्हणायच्या कितीतरी आधीपासूनची.
"तुमच्या तक्त्यातला माणूस
दिवसाला मासा किती खातो?"
हॅगार्टींनी पानं उलटली. "सहा ग्रॅम."
तिनं तळहात पुढे धरला,
त्यावर सहा ग्रॅम ठेवल्यासारखा बघत राहिली.
"आजारी आहे का तो?"
कॉफीवालाही हसला.
मी हसले नाही, टिपून घेतलं.
मला तो तक्ता पाठ होता,
दोनदा तपासला होता,
आणि बेरीज बरोबर आली होती.

एकोणनव्वदावा दिवस. साहेब दारात :
"परत पाठवलंस तर दीड वर्ष गेलं.
तोवर टाकी काय थांबणार आहे?"
नाही थांबणार.
हे मला त्यांच्याहून जास्त ठाऊक आहे :
माझा प्रत्येक प्रश्न वाचला जाईपर्यंत
खाली काहीतरी वाळूतून उतरत असतं,
माझ्या परवानगीशिवाय,
माझ्या नकाराशिवायही.
रात्री हे आठवून उठते, पाणी पिते,
नळाचंच.

तरी पत्र गेलं. सुधारून पुन्हा सादर करावे.
शेरे दोनशे सत्तेचाळीस,
आणि शेवटी, पेन्सिल ठेवून, शाईनं एक :
मासा खाणारा माणूस बदला.
त्याला घर द्या, नदीकाठी.
त्याच्या ताटात पुरता मासा वाढा,
मग गणित पुन्हा करा.

संध्याकाळी हॅगार्टींचा फोन.
माणूस वाईट नाही, मुलगी त्यांची माझ्या भाच्याच्या वर्गात.
"तसं फार काही नाही ना?"
जिभेवर आलं होतं, सवयीनं,
घरातलंच वाक्य, कापूस कोंबलेलं.

"आहे," म्हटलं.
"हरकत आहे."