तळपाय

डुलुथ, जानेवारी. रात्रपाळीचे सव्वादोन.
हीटरची खडखड, आणि खिडकीबाहेर
गोठता गोठता कण्हणारं सरोवर.

मी व्हर्ना हाविस्टो. या वॉर्डात एकोणीस वर्षं.
कमरेला किल्ल्या, खिशात
प्रशिक्षणात मिळालेलं, प्लास्टिक चढवलेलं कार्ड.
त्याचा कोपरा दातकोरणं म्हणून फार चांगला चालतो.

कोल्बी पंधरा वर्षांचा. त्याला झोपायचं नव्हतं.
त्याने आधी दुधाचा डबा फेकला,
मग बूट,
मग एक वाक्य.
दूध पुसता येतं. बुटाचा नेम चुकला.
वाक्य माझ्या भावाबद्दल होतं,
जो याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
एका मार्चमध्ये आला आणि घरी परतला नाही.
कुणी सांगितलं याला? ही पोरं भिंतींकडून ऐकतात.

तळपायाची आग मस्तकात गेली, असं म्हणतात.
जाते. पण उडी मारत नाही, पायऱ्या चढते.
मला आता तिचे थांबे पाठ आहेत:
पोटऱ्या, मांड्या, बेंबीमागे एक पीळ, मग जबडा.
जबड्याला पोचली
की माझ्याकडे साधारण चार सेकंद उरतात.

कार्ड म्हणतं, भावनेला नाव द्या.
मी मनात म्हटलं, राग.
मग म्हटलं, थापा मारू नकोस व्हर्ना,
हा राग नाही,
हा आर्नी आहे.

टाचा जमिनीत रोवल्या.
आग दाबायला नव्हे. ती दाबली जात नाही,
मी पहिली दहा वर्षं तेच करून बघितलंय,
डॉक्टरांनी माझ्या पित्ताच्या गोळ्या वाढवल्या फक्त.
टाचा रोवल्या त्या एवढं बघायला
की खाली फरशी अजून आहे का.
होती. दुधाने चिकट.

श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडला.
कोल्बी म्हणाला, कुत्र्यासारखी धापा काय टाकतेस?
म्हटलं, नाही टाकली तर तुला काहीतरी बोलेन.
काय बोलशील?
वाईट. नंतर मलाच खात राहील असं.
तो गप्प झाला. हातात दुसरा बूट तसाच.
मोठी माणसंही तोंडातून निघण्याआधी शब्द
धरून ठेवतात, हे त्याला
बहुतेक कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दारातून ओमार वार्सामे:
व्हर्ना, तुझ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत.

हा आमचा इशारा. अर्थ: तू जा, मी बघतो.
गाडीचे दिवे कधीच चालू नसतात.
औषधांच्या खोलीत गेले,
नळाखाली मनगटं धरली, बर्फाची पिशवी डोळ्यांवर,
आणि तिथे, टिपटिप गळणाऱ्या फ्रिजशेजारी,
सहा मिनिटं रडले. घड्याळ लावून.
परत आले तेव्हा ओमार आणि कोल्बी
फरशीवर मांडी घालून दूध पुसत होते,
कुणाचा फडका जास्त मळलाय यावर भांडत.

सकाळी पॅनकेक वाढताना कोल्बीने मान वर केली नाही.
एवढंच म्हणाला,
तुझ्या गाडीचे दिवे रोज कसे गं राहतात?
मी त्याला एक पॅनकेक जास्त दिला.

घरी पोचले. अजून उजाडायचं होतं.
रेने कपाट पुन्हा उघडंच ठेवलेलं,
माझं कपाळ त्याच्या कोपऱ्यावर आपटलं,
आणि रात्रभर सांभाळलेलं सगळं
त्या बिचाऱ्याच्या अंगावर गेलं:
कपाट, त्याची आई, बत्तीस वर्षं.
तो हातात चमचा धरून उभा. अंड्यांवर धूर.
कार्डावर घराचं काही लिहिलेलं नाही.

पोटऱ्या. मांड्या. पीळ.
म्हटलं, रे, माझ्या गाडीचे दिवे राहिले वाटतं.
तो खिडकीतून बघून म्हणाला, नाही गं, बंद आहेत.
माहीत आहे, म्हटलं,
आणि मोज्यांवरच बाहेर बर्फात गेले.