हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की मला सिद्ध करावं लागतं
की मी आहे.

पहाटे तीनला उठते. दोनशे चाळीस चपात्या,
शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीतली खोली,
दोन शेगड्या, आणि नुसताच घरघरणारा एसी.
डबे लोपीसच्या गाडीत चढवून
पदराला हात पुसत दुबईची बस धरते.
पिशवीत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश,
पासपोर्ट, त्यांच्या मृत्यूचा दाखला
आणि दोन चपात्या. वकिलातीत रांग असते.

खिडकीतला पोरगा विचारतो, नाव?
हौसाबाई बाजीराव शेडगे.
इथे तर नुसतं हौसा आहे, मावशी.
आहे बाबा. ब्याऐंशी साली
बेळगावच्या सेंटरमधल्या कारकुनाला
'बाई' लिहायचा कंटाळा आला.
रजेवर आले तेव्हा हे म्हणाले, राहू दे,
मला नुसती हौसाच बरी.
त्या एका थट्टेपायी ते गेल्यावर
तीन वर्षं पेन्शन अडकली.
सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर
इतके दिवस बसले, की
तिथला शिपाई न विचारता
माझाही चहा सांगायला लागला.

अंगठा ठेवा.
ठेवला. यंत्र लाल.
तर्जनी. लाल.
मधलं बोट. लाल.
ठसा उमटत नाही, मावशी.
कसा उमटेल? अठरा वर्षं तवा
रेषा खात आलाय माझ्या.
रांगेतल्या मागच्या बाईने सुचवलं, तेल लावा जरा.
तेल कुठलं? पिशवीतली चपाती सोडली,
तिच्यावर बोट घासलं, पुन्हा टेकवलं.
हिरवं.
पोरगा हसला. मीही.
जिनं पुसलं तिनंच उमटवलं.

मग दुसरा कागद. तो दरसाल
खाली बघूनच सरकवतो.
'मी पुनर्विवाह केलेला नाही.'
सही इथे.
एकसष्ट वर्षांच्या बाईला हे विचारताना
त्याचे कान तांबडे होतात. त्याचा काय दोष.

लोपीस वसईचा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली.
गाडीतल्या थंड हवेची झडप
न बोलता माझ्याकडे वळवून ठेवतो.
गेल्या ईदच्या सुट्टीत म्हणाला,
तुमच्या हातच्या भाकरीसाठी
मी आडनावसुद्धा बदलीन.
मी हसले. तोही हसला.
मग बराच वेळ कुणी हसलं नाही.

हिशेब मला येतो.
त्या पैशावर पोरीचं नर्सिंग झालं,
गावच्या घरावर पत्रा आला.
आणि पैसा एक राहू दे बाजूला,
दर महिनाअखेरीला फोनमध्ये टुण्ण वाजतं,
ते हयात होते तेव्हाही
इतक्या वेळेवर कधी आले नव्हते.

सही केली.
खोटं काही नव्हतं.
तरी पेन जरा जड गेलं.

संध्याकाळी दाराशी इद्रीस बसलेला,
आमच्या इमारतीचा नातूर, सुदानी.
तोही फौजीच. बावीस वर्षांची नोकरी,
मांडीत अजून छर्रा आहे.
त्याला पेन्शन कुणी द्यायची?
देणारं सरकारच जागेवर नाही.
कुठे गेली होतीस, त्याने विचारलं.
मोडक्या हिंदीत सांगू लागले आणि
एक शब्द त्याने मधेच उचलला.
हयात? हा तर आमचा शब्द.
म्हणजे जगणं.
मी म्हटलं, तारीखही तुमचीच, हुकूमही तुमचा,
वारससुद्धा. आमच्या साहेबांचे निम्मे कागद
तुमच्याच बोलीत चालतात,
आणि मला वाटायचं मराठी.

त्याने दाखला हातात घेतला,
उलटा सुलटा करून पाहिला, शिक्क्यावर बोट फिरवलं.
हे सरकार देतं?
हो.
किती दिवसांची देतं, हयात?
वर्षाची. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.

इद्रीसने कागद नीट घडी करून परत दिला.
म्हणाला, पुष्कळ झाली.

वर जाऊन मी पीठ मळायला घेतलं.