इतर औषधे

फॉर्मवरचा सातवा रकाना : इतर औषधे.
हेल्दुरमामाने पेन टेकवलं, उचललं,
आणि ठळक अक्षरांत लिहिलं,
काही नाही.

तार्तूचं इस्पितळ. खिडकीबाहेर नदीवर
बर्फाचे तुकडे एकमेकांना ढोसत चाललेले.
आत नळीतून थेंब थेंब उतरणारं ते औषध,
जे गाठीला स्वतः हात लावत नाही,
फक्त आपल्याच पहारेकऱ्यांच्या डोळ्यांवरची पट्टी सोडतं
आणि म्हणतं, बघा, आता तुमचं तुम्ही.

चाळीस वर्षं लाकडाचे ट्रक हाकलेला माणूस.
खोटं लिहिणारा नव्हे.
रोज पहाटे उपाशीपोटी एक गुलाबी कॅप्सूल, नऊ वर्षं,
पण पित्ताची गोळी औषधात कोण धरतं?
चष्मा कुणी दागिन्यांत मोजतं का?
आणि जानेवारीत दाढ ठणकली, गाल सुजला,
तेव्हाची सात दिवसांची अँटिबायोटिकं?
ती तर संपलीसुद्धा.

मला ठाऊक आहे.
दोन्ही मीच दिली होती.
व्होरूतल्या माझ्या दुकानात, काउंटरच्या या बाजूने,
त्या बाजूला तो, ओले हातमोजे बगलेत धरून.
"जेवणाआधी अर्धा तास," मी म्हणाले होते.
"बरं वाटलं तरी कोर्स पुरा करायचा."
त्याने केला.
सांगितलं ते ऐकणारा माणूस.

डॉक्टर काइदी माझ्याहून वीस वर्षांनी लहान.
तिने माझ्याकडे पाहून सांगितलं, मामाकडे नाही :
आतड्यातली ती अब्जावधींची वस्ती
पहारेकऱ्यांना काहीतरी शिकवत असावी.
वस्ती उठली, तर हे औषध कधी कधी फिकं पडतं.
काही अभ्यासांत तसं दिसतं.
काहींत नाही.
"दाढेचा पू रक्तात उतरला असता तर," ती म्हणाली,
"आज आपण इथे बसलोच नसतो."
हे तिने माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळलं.
कळून काही हलकं झालं नाही.

साल्मेमामी इतका वेळ लोकरीचा गुंता सोडवत होती.
मान वर न करता म्हणाली,
लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात
मी सासूची पीठ मळायची काथवट घासली.
साबणाने, गरम पाण्याने, लाकडाची शीर न् शीर.
शाबासकी मिळेल वाटलं.
ती काथवट तिच्या आजीपासून कुणी धुतली नव्हती.
फटींत वाळून बसलेलं विरजण,
त्यावर राईची भाकरी फुगायची.

मग? मी विचारलं.

मग काय. सासू काही बोलली नाही.
बूट चढवले, झाकणाचं भांडं घेतलं,
तीन किलोमीटर बर्फ तुडवत
शेजारणीकडून मूठभर आंबवण घेऊन आली.
पहिल्या चार भाकऱ्या दगड झाल्या.
पाचवी जराशी उठली.

"आणि सहावी?"
मामीने लोकर दाताने तोडली.
"सहावी आठवत नाही. तेव्हा पोटात हा थोरला होता."

एप्रिलमधल्या स्कॅनवर डाग तसूभर आक्रसलेला,
किंवा मोजणाऱ्याचा हात तसूभर सरकलेला.
काइदी म्हणाली, जूनमध्ये बघू.
गुलाबी कॅप्सूल तिने थांबवून पाहिली आहे.
मामाची छाती जळते, तो उशी उंच करून झोपतो.

माझ्या दुकानात तीच कॅप्सूल दुसऱ्या खणात, डावीकडे.
हात अजून न बघता तिथे जातो.
हल्ली मात्र अर्ध्यावर थांबतो,
आणि मी विचारते, कधीपासून घेताय? आणखी काय चालू आहे?
मागे रांग खोकते.
"काही नाही," लोक म्हणतात.
मी थोडा वेळ तशीच उभी राहते.

मामाने मात्र परवाचा फॉर्म मन लावून भरला.
सातवा रकाना पुरला नाही, तो समासात शिरला :
पित्ताची गोळी (बंद). दाढेच्या गोळ्या, जानेवारीत.
राईची भाकरी, रोज. आंबट कोबी.
मध, शेजाऱ्याचा.
शनिवारी सौना.
आणि अगदी कडेला, पान संपता संपता,
साल्मेची बोलणी, एक्कावन्न वर्षं,
डोस ठरलेला नाही.