तोबरा

शाहू स्मारकच्या प्रदर्शनात घेतलं,
सूट वजा जाता साडेसहाशेला.
गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा,
आत त्या जुन्या साहसपटाची सगळी जन्मकथा :
तलवारींना मुलामा कुणी दिला,
दोर कितीदा तुटला,
नायकाच्या मिशीला कुठला डिंक.
सगळं आहे. तळटीपांसकट.

आण्णांच्या मांडीवर मी पान एकशे बारा उघडलं.
त्यांनी आधी हात धोतराला पुसले.

दरी. दरीवर अधांतरी काळी घोडी,
कपाळावर चांदणी, पोटाखाली आभाळ.
खाली ओळ : 'बिजलीची अजरामर झेप.
दहा प्रयत्न फसले. अकराव्याला
तिने जिवाची पर्वा केली नाही.'

भिंग वर गेलं, खाली आलं.
"ही बिजली न्हवं," आण्णा म्हणाले.

बिजली ट्रकातनं आलेली, मुंबईची.
डबकं दिसलं तरी बिचकायची.
दहा वेळा कडेपतोर गेली
आन् दहा वेळा कान पाडून हुबी ऱ्हायली.
मग डायरेक्टरनं माणूस धाडला स्टेशनवर,
टांग्यांच्या अड्ड्याकडं.
त्या दिवशी पहिला नंबर आमचा होता.

आमची हौशी बदामी रंगाची.
तिला काळी करायला दोन डझन डब्या बूटपॉलिश लागलं,
चांदणीला चुना, समोरच्या पानपट्टीतला.
"माशा तेवढ्या बसंनात अंगावर.
येवढंच सुख बिचारीला."
बिजली तोवर चिंचेच्या सावलीत,
पाठीवर भरजरी झूल.

आणि दरी?
टेंबलाईमागची दगडाची खाण, छातीभर खोल.
तळाला उसाच्या चिपाडाची गादी,
कारखान्यावरनं आलेल्या दोन गाड्या.

मी नऊ वर्षांची होते, तंबूत पाहिला हा सिनेमा.
नेमके त्या उडीला डोळे मिटले.
शेजारी आण्णा शेंगा सोलत होते.
एक शब्द बोलले नव्हते तेव्हा.
आज विचारलं, का?
"तू भ्यालीस की.
मग? झालं न्हवं काम?"

"पण उडी कशी मारली हौशीनं?"

त्यांचं बोट चित्राच्या उजव्या कडेला गेलं,
फोटो जिथं कापलाय तिथं.
एक मनगट. मनगटाला काहीतरी लोंबतंय.
मला ती वाळकी फांदी वाटली होती.

"तोबरा. भिजवलेलं हरभरं.
सकाळपास्नं उपाशी ठेवली होती तिला.
मी पल्याडच्या काठावर हुबा ऱ्हायलो
आन् नुसता हालवला."

बराच वेळ ते त्या मनगटाकडे बघत राहिले,
मग स्वतःच्या मनगटाकडे.
मग भिंगावर फुंकर मारली.

मी म्हटलं, लेखकाला पत्र टाकू या,
दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतील.
नाव येईल तुमचं : केरबा टांगेवाले.
"माझं कशाला? उडी काय मी मारली?"

मग म्हणाले, शेवटाला नावांची यादी असते ना, ती काढ.
मी वाचत गेले :
हंटर. हवामान. हिशेबनीस. हौद.
हौदाशी सूची संपते.
खाली अर्धं पान कोरं.

आण्णांनी पेन्सिल मागितली,
नातवाची, मागून चावलेली.
जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून लिहिलं,
वेलांटी एवढी मोठी की शेजारच्या रकान्यात गेली :
हौशी, एकशे बारा.
थांबले. खाली आणखी बारीक अक्षरात :
टांग्याची.

"किती म्हणलीस किंमत?"
"साडेसहाशे."
"बाप रे. आमा दोघास्नी बारा मिळालं व्हतं दिसाचं.
आठ तिचं, चार माझं."

पुस्तक मिटलं, उशाला ठेवलं.
"चारातलं दीड," दिवा घालवल्यावर म्हणाले,
"राकेलात गेलं. पॉलिश निघता निघंना.
तीन दिस स्टेशनवर काळीच घोडी जुंपली मी.
वळखीचं गिऱ्हाईकबी बसंना."